घर मालकाचं, पण चेहरा कुणाचा? कोलमारच्या एका लाकडी घराची गोष्ट

(या एपिसोडचं शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कानात इअरफोन असतील, कदाचित लोकलमध्ये उभे असाल, कदाचित जेवण झाल्यावर पलंगावर पडून ऐकत असाल. आजची सुरुवात एका ॲनिमेशन चित्रपटापासून करूया.

‘हाऊल्स मूव्हिंग कॅसल’. हायाओ मियाझाकी यांचा, स्टुडिओ जिब्लीचा, २००४ सालचा. तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यात सोफी नावाची मुलगी आहे, ती टोप्या बनवते. सुरुवातीलाच एक जुनं युरोपियन शहर दिसतं. अरुंद रस्ते, उतरती छपरं, लाकडी पट्ट्यांची घरं. आता पुढच्या वेळी बघाल तेव्हा एका घराकडे नीट लक्ष द्या. कोपऱ्यावर पुढे आलेला सज्जा, वर लाकडी गॅलरी, बाजूला टोकदार मनोरा.

ते घर खरंच आहे. फ्रान्समध्ये, अल्सास नावाच्या प्रदेशात, कोलमार नावाच्या शहरात. त्याचं नाव मेझाँ फिस्टर, म्हणजे फिस्टरांचं घर. आणि गंमत बघा, हे घर १५३७ साली ज्याच्यासाठी बांधलं गेलं तो लुडविग शेरर कोण होता? टोप्यांचा व्यापारी!

१५३७. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जवळपास शंभर वर्षं आधी. लाकूड बऱ्यापैकी वापरलेलं, भर बाजारातलं, कोपऱ्यावरचं घर. जिथे जागेला सोन्याचा भाव, तिथे ते अजून उभं आहे. का? कुणी वाचवलं? आणि ज्याचं घर आहे त्याला ‘तुझ्या घराला हात लावायचा नाही’ असं सरकार सांगू शकतं का? आजचा विषय हाच आहे.

आधी थोडा भूगोल

ऱ्हाईन नदी माहीत असेल. तिच्या एका काठावर जर्मनी, दुसऱ्या काठावर फ्रान्सचा अल्सास. सीमेवरच्या गावांचं जे होतं तेच अल्सासचं झालं. १८७१ मध्ये फ्रान्स युद्ध हरला आणि अल्सास जर्मनीकडे गेलं. १९१८ मध्ये परत फ्रान्सकडे. १९४० मध्ये हिटलरच्या जर्मनीनं गिळलं. १९४५ मध्ये पुन्हा फ्रान्स. म्हणजे ७५ वर्षांत चार वेळा देश बदलला. एखादी आजी एकाच गावात, एकाच घरात राहिली आणि तिचं नागरिकत्व चार वेळा बदललं, असं तिथे खरोखर घडलं आहे.

हे का सांगतोय? कारण झेंडा बदलतो, शाळेतली भाषा बदलते, रस्त्याच्या पाट्या बदलतात, तेव्हा माणसं कशाला धरून राहतात? घराला. त्यामुळे अल्सासमध्ये जुनं घर म्हणजे नुसती पर्यटकांना दाखवायची वस्तू नाही. आपण कोण, या प्रश्नाचं ते एक उत्तर आहे.

शेररचं घर, फिस्टरांचं नाव

आता घराकडे येऊ. शेरर टोप्यांचा व्यापारी खराच, पण पैसा त्यानं कमावला तो जवळच्या लिएप्व्र खोऱ्यातल्या चांदीच्या व्यापारात. हातात पैसा आला की माणूस काय करतो? सगळ्यांना दिसेल असं घर बांधतो! त्यानं जागा निवडली ती व्यापाऱ्यांच्या गल्लीतली. फ्रेंचमध्ये रस्त्याचं नावच र्यू दे मार्शाँ, व्यापाऱ्यांचा रस्ता. कोपऱ्यावर दोन मजली सज्जा काढला, दोन्ही रस्ते दिसतील असा. भिंतींवर चित्रं काढून घेतली. त्यात बायबलमधले प्रसंग आहेत आणि त्या काळच्या सम्राटांचे चेहरेही आहेत. थोडक्यात, ‘मी देवभक्त आहे, मी राजनिष्ठ आहे आणि माझ्याकडे भरपूर पैसा आहे’ हे तिन्ही एका दर्शनी भिंतीवर.

पण घराला शेररचं नाव राहिलं नाही. १८४१ ते १८९२ या काळात तिथे फिस्टर कुटुंब राहत होतं. त्यांनी घराची डागडुजी करून घेतली आणि घराला नाव त्यांचंच चिकटलं. मला हे फार आवडतं. बांधणाऱ्याचं नाव मागे पडलं, दुरुस्त करणाऱ्याचं टिकलं.

आणि आजच्या एपिसोडची मुख्य गोष्ट हीच आहे. जुनं घर एकदा बांधून टिकत नाही. ते दर पिढीत कुणीतरी पुन्हा वाचवावं लागतं. कायदा त्यात मदत करतो, पण घराची काळजी तो स्वतः घेऊ शकत नाही.

ही घरं बनतात कशी?

फिस्टरांच्या घरात दगडही आहे, लाकूडही आहे. पण अल्सासचं जे नेहमीचं घर आहे ना, त्याचा सांगाडा सगळा लाकडाचा, बहुतेक वेळा ओकचा. उभे खांब, आडव्या तुळया, तिरके आधार. एका लाकडाला खाच, दुसऱ्याचं टोक त्या खाचेत बसतं आणि मग आरपार लाकडी खुंटी ठोकायची.

आणि मधल्या रिकाम्या चौकटी? त्यात काठ्या बसवायच्या आणि माती अन् गवताचा लगदा लिंपायचा. ओळखीचं वाटतंय? अहो, हा आपला कूड! कोकणात, मावळात कारवीच्या काठ्यांवर मातीनं लिंपलेली भिंत ज्यांनी आजोळी पाहिली असेल, त्यांना अल्सासची भिंत वेगळी समजवायला नको. हजारो किलोमीटर अंतर, पण माती, काडी आणि लाकूड हाताशी असलेल्या माणसानं शोधलेलं उत्तर एकच.

सुतार हा सांगाडा आधी जमिनीवर जुळवून बघायचे, प्रत्येक लाकडावर खुणा कोरायचे, आणि मग जागेवर उभा करायचे. म्हणजे घर सुटं करता यायचं. तुळया खुणेप्रमाणे काढा, गाडीत घाला, दुसऱ्या गावात पुन्हा उभ्या करा. एखादी तुळई कुजली तर तेवढीच बदला. फर्निचरच्या दुकानातून आपण जो जोडणीचा पलंग आणतो ना, त्याचा हा पणजोबा समजा.

हा मुद्दा लक्षात ठेवा. ही घरं नाजूक नाहीत, ती दुरुस्त होण्यासाठीच बनवलेली आहेत. फक्त दुरुस्ती त्यांच्या पद्धतीनं हवी.

कायदा काय म्हणतो?

आता जरा कायद्याकडे. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

१८३२ मध्ये व्हिक्टर ह्यूगो, म्हणजे ‘ले मिझेराब्ल’वाले, त्यांनी जुन्या इमारती पाडणाऱ्यांवर एक जळजळीत लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की मालकाला घर वापरायचा हक्क आहे, मान्य. पण रस्त्यावरून जाणारे सगळे लोक ते घर बघतात, ते त्यांच्याही गावाचा भाग असतं. तेव्हा ते नष्ट करायचा हक्क एकट्या मालकाकडे असू शकत नाही.

दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, प्रॉस्पेर मेरिमे नावाचा लेखक सरकारचा ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक झाला. ‘कार्मेन’ची मूळ कथा त्याचीच. हा माणूस वर्षानुवर्षं फ्रान्सभर फिरला आणि काय वाचवायचं त्याच्या नोंदी करत गेला. आजही फ्रान्समधल्या संरक्षित वास्तूंच्या सरकारी ऑनलाइन यादीला त्याचंच नाव आहे. मोबाईलवरून कुणीही ती उघडून बघू शकतं.

पण खरा दात असलेला कायदा आला १९१३ मध्ये. त्याआधी, १८८७ च्या कायद्यात, खासगी घर यादीत घालायचं तर मालकाची संमती लागायची. मालक नाही म्हणाला की विषय संपला. १९१३ च्या कायद्यानं सांगितलं की इतिहासाच्या किंवा कलेच्या दृष्टीनं सार्वजनिक हित असेल, तर मालकाचा विरोध असतानाही संरक्षण देता येईल.

या कायद्यात संरक्षणाच्या दोन पायऱ्या आहेत. वरची पायरी म्हणजे पूर्ण संरक्षण. अशी इमारत सरकारच्या परवानगीशिवाय पाडता येत नाही, हलवता येत नाही, बदलता येत नाही. इतकंच काय, दुरुस्तही करता येत नाही! खालची पायरी म्हणजे नोंद. तिथे नियम थोडे सैल, पण काम सुरू करण्याआधी सरकारला कळवावंच लागतं.

मेझाँ फिस्टरला १९२७ मध्ये वरची पायरी मिळाली. अल्सास फ्रान्सकडे परत येऊन तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, ही तर मालकावर जबरदस्ती झाली. प्रश्न बरोबर आहे. म्हणून दुसरी बाजूही आहे. सरकार दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग अनुदान म्हणून देतं, करात सवलत मिळते, तज्ज्ञ वास्तुविशारद सल्ल्याला असतात. फ्रान्समध्ये अशा संरक्षित वास्तू सुमारे ४५ हजार आहेत आणि त्यातल्या ४० टक्क्यांहून जास्त खासगी मालकीच्या आहेत. विचार करा, नुसता दंडुका दाखवून एवढी घरं टिकली असती का? हक्क काढून घेतलास तर खर्चातही वाटा उचल, हा साधा हिशोब आहे.

एक घर वाचलं, पण गल्लीचं काय?

समजा मेझाँ फिस्टर तसंच ठेवलं आणि समोर दहा मजली काचेची बिल्डिंग उभी केली. घर वाचलं का? कागदावर वाचलं.

म्हणून १९४३ मध्ये नियम आला. संरक्षित वास्तूभोवती ५०० मीटरचा घेर. त्या घेरात वास्तूसोबत नजरेस पडेल असं काहीही बांधायचं, पाडायचं, रंगवायचं असेल, तर सरकारी वास्तुविशारदाचं मत घ्यावं लागतं. पुढे हे घेर जागा बघून कमीजास्त करायची सोयही झाली. तुमच्या दुकानाची पाटी, खिडकीची चौकट, छपरावरची कौलं, सगळं त्यात आलं. तिथले लोक या अधिकाऱ्यांवर वैतागतातही बरं का. खिडकी बदलायला एवढे कागद? पण त्या वैतागातूनच ती गल्ली गल्ली राहिली आहे.

तरीही हे पुरेसं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या जुन्या पेठांची अवस्था वाईट होती. ओल, अंधार, संडासाची सोय नाही, दाटीवाटी. सोपा उपाय एकच दिसत होता, पाडा आणि नवीन बांधा. कोलमारमध्ये चामडं कमावणाऱ्यांची वस्ती होती. उंच घरं, वरच्या मजल्यावर कातडी वाळत घालायला मोकळी जागा. तो धंदा संपला आणि वस्ती मोडकळीला आली.

तेव्हा फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री होते आंद्रे मालरो. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा कायदा ४ ऑगस्ट १९६२ ला आला. कल्पना अशी की एकेक इमारत सोडा, अख्खी पेठच संरक्षित भाग म्हणून जाहीर करा. बाहेरचा चेहरा जपा, आतली घरं राहण्यालायक करा. पाणी, उजेड, शौचालय सगळं द्या. जो मालक नियमानुसार जीर्णोद्धार करेल त्याला आयकरात सवलत द्या. कोलमारची जुनी पेठ या योजनेत अगदी सुरुवातीच्या काळात, १९६० च्या दशकातच आली. ती चामड्याची वस्ती दुरुस्त झाली आणि आज इन्स्टावर जी रंगीत घरं दिसतात त्यांत तिचाही नंबर लागतो. ती पडकी म्हणून पाडली असती, तर आज तिथे पार्किंग असतं.

जपायचं कोणतं रूप?

इथे एक अवघड प्रश्न येतो. अल्सासमधल्या लाकडी घरांचा तो उघडा सांगाडा आपल्याला सुंदर वाटतो. पण अठराव्या शतकात अनेक मालकांना तो गावंढळ वाटायचा! फॅशन होती दगडी घरांची. शिवाय उघडं लाकूड म्हणजे आगीची भीती. मग लोकांनी वरून गिलावा केला, लाकूड झाकून टाकलं. विसाव्या शतकात पर्यटक आले, आवड बदलली, आणि तोच गिलावा खरवडून लाकूड पुन्हा उघडं केलं गेलं.

मग खरं रूप कोणतं? सोळाव्या शतकातलं की अठराव्या? काही घरांचं लाकूड मुळात दाखवायसाठी नव्हतंच, ते गिलाव्याखाली राहण्यासाठीच साधं ठेवलेलं होतं. अशा घराचा गिलावा काढणं म्हणजे जुनं रूप परत आणणं नाही, आपल्या आवडीचं जुनं रूप बनवणं आहे. म्हणून चांगले जाणकार आधी थर तपासतात, लाकूड वाचतात, मगच हात लावतात.

यादीत नसलेल्यांचं काय?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. मेझाँ फिस्टरला काही होणार नाही. ते प्रसिद्ध आहे, त्याच्यामागे कायदा आहे, जगभरचे कॅमेरे आहेत. खरा धोका आहे तो अल्सासच्या खेड्यांतल्या साध्या घरांना. शेतकऱ्याचं घर, गोठा, धान्याचं कोठार. त्यांना ना सम्राटांची चित्रं, ना मनोरा. यादीत नाव नाही. आजी गेली, वारस शहरात, जागेला भाव आला. बिल्डर म्हणतो, इथे आठ फ्लॅट बसतील. सह्या होतात आणि आठवडाभरात यंत्र येतं.

त्यात आता भर पडली आहे ऊर्जेच्या नियमांची. फ्रान्सनं २०२१ मध्ये हवामानाचा एक मोठा कायदा केला. घरांना ‘ए’ ते ‘जी’ अशी ऊर्जेची श्रेणी असते. १ जानेवारी २०२५ पासून ‘जी’ श्रेणीचं घर नव्यानं भाड्यानं देता येत नाही. २०२८ पासून ‘एफ’ आणि २०३४ पासून ‘ई’ श्रेणीवरही तीच वेळ येणार आहे. हेतू चांगलाच आहे. भाडेकरूनं थंडीत कुडकुडायचं आणि वर हीटरचं बिल भरायचं, हे कुणालाच मान्य नसावं.

पण मग मालक घाईघाईत काय करतो? मातीच्या भिंतीला बाहेरून थर्माकोलचे थर आणि वर सिमेंट. मातीची भिंत श्वास घेते, म्हणजे ओल आत येते तशी बाहेरही जाते. सिमेंटनं ती वाट बंद झाली की ओल लाकडात मुरते. सगळ्यात खालची आडवी तुळई, जिच्यावर अख्खं घर उभं असतं, ती आतून कुजते आणि बाहेरून पत्ता लागत नाही. उपाय आहेत. चुन्याचा गिलावा, आतल्या बाजूनं अंबाडीसारख्या तंतूंचे किंवा लाकडाच्या भुशाचे थर. घर ऊबदारही होतं आणि श्वासही घेतं. पण त्याला माहीतगार कारागीर लागतो, जास्त पैसा लागतो आणि धीर लागतो.

आणि इथे मला सांगायची आहे तरुणांची गोष्ट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण अल्सासमध्ये तरुण स्वयंसेवकांचा एक गट पडकी शेतघरं दुरुस्त करायला लागला. जी जागेवर वाचणार नव्हती, ती त्यांनी खुणा करून सुटी केली. आठवतंय ना, ही घरं सुटी होतात! त्यातून १९८४ मध्ये म्यूलूझ शहराजवळ उंगर्सहाइम इथे एक अख्खं गावच उभं राहिलं, एकोम्युझे दाल्सास. अल्सासच्या वेगवेगळ्या गावांतून उचलून आणलेल्या ७० च्या आसपास इमारती आज तिथे आहेत. पण ती मंडळीही हेच सांगतात की घर उचलून नेणं हा शेवटचा उपाय. गावातून घर गेलं की गावाचा एक दात पडला.

आपल्याकडे काय?

थोडं आपल्याबद्दल. मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींचे नियम आहेत, आणि त्यातही श्रेणी आहेत. पहिली, दुसरी अ, दुसरी ब, तिसरी. म्हणजे कागदावरची कल्पना फ्रान्सहून फार वेगळी नाही. अडतं कुठे? जुन्या भाडेकराराच्या इमारतीत भाडं तुटपुंजं, मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरू घर सोडत नाही, आणि एका पावसाळ्यात जिना कोसळतो. तिथे राहणाऱ्या माणसाला ‘वारसा जपा’ असं सांगणं क्रूरपणा वाटू शकतो. म्हणूनच मालरो कायद्यातला तो अर्धा भाग मला महत्त्वाचा वाटतो, चेहरा जपा आणि आत राहणं सुखाचं करा. दुसरा अर्धा सोडला तर पहिला टिकत नाही.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. मलेशियात, क्वालालंपूरपासून थोड्या अंतरावर डोंगरात, कोलमार ट्रॉपिकाल नावाचं रिसॉर्ट आहे. अल्सासच्या गावाची नक्कल. रंगीत घरं, लाकडी पट्ट्या, फोटोला झकास. मग कुणी विचारेल, दिसायला सारखंच बनवता येतं तर मूळ घर जपायला एवढा खर्च कशाला?

कारण नकलेत फक्त दिसणं उतरतं. मूळ घरात सुताराच्या खुणा असतात, शेररची हौस असते, फिस्टरांची दुरुस्ती असते, चार वेळा बदललेल्या देशाची धूळ असते. ते पुन्हा बनवता येत नाही. ते फक्त पुढच्याकडे सोपवता येतं.

तर मंडळी, एक काम करा. तुमच्या गावात, पेठेत, वाडीत असं एखादं घर असेल, जे कुठल्याच यादीत नाही पण ज्याच्याशिवाय ती गल्ली ओळखता येणार नाही, त्याचा फोटो काढा. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, कुणी बांधलं, शेवटची दुरुस्ती कुणी केली. आणि ती माहिती आम्हाला कमेंटमध्ये लिहून पाठवा. निवडक घरांवर पुढे एक वेगळा एपिसोड करू.

एपिसोड आवडला असेल तर त्या मित्राला पाठवा जो जिब्लीचे सिनेमे दहा-दहा वेळा बघतो. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, स्वतःची आणि घराचीही!